ऑटो-अपडेट बंद करू नका, त्याची वेळ ठरवा

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, गिऱ्हाईक मशीन न्यायला आलं की जाता जाता एक वाक्य ठरलेलं असतं: "आणि तेवढं ते अपडेट कायमचं बंद करून टाका, फार वैताग देतं." मी बंद करून देत नाही. त्याऐवजी काय करून देतो, ते इथे सविस्तर लिहितो आहे, म्हणजे ज्याला जमेल त्याला स्वतःच्या हाताने करता येईल.

वैताग खरा आहे. रिटर्न भरायच्या दिवशी मशीन रीस्टार्टला अडकून अर्धा तास बसलं, किंवा काल बिलं काढणारा प्रिंटर आज हूं की चूं करेना, तर माणूस चिडणारच. पण बंद करणं हा त्यावरचा इलाज नाही. काही अपडेट्स लगेच घ्यायची असतात, काही चार दिवसांनी, काही दोन-तीन महिन्यांनी आणि काही मुळीच नाहीत. या सगळ्यांना एकच बटण लावलं की चालू ठेवूनही नुकसान आणि बंद ठेवूनही नुकसान.

दोन्ही बाजूंनी झालेलं नुकसान

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक गंभीर भोक बुजवणारा पॅच दिला. १२ मे २०१७ रोजी त्याच भोकातून 'वॉनाक्राय' नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून त्या सोडवायला पैसे मागणारं, जगभर पसरलं. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. त्या वेळी सगळे म्हणत होते की हे जुन्या विंडोज एक्सपीमुळे झालं. प्रत्यक्षात बळी पडलेली बहुतेक मशीन विंडोज ७ ची होती. म्हणजे ज्यांना तो पॅच फुकटात आणि आपोआप मिळणार होता, पण कुणीतरी तो रोखून धरला होता, अशीच ती मशीन. मध्ये जवळपास दोन महिने होते. अपडेट आठवडाभर थांबवणारा त्यात वाचला असता. कायमचं बंद केलेला वाचला नाही.

लगेच पुढच्याच महिन्यात उलट घडलं. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' पसरलं, आणि ते शिरलं अपडेटच्याच वाटेने. युक्रेनमध्ये हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेट सर्व्हरमध्ये हल्लेखोर घुसले आणि अधिकृत अपडेट म्हणून विष पाठवलं. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिचा फटका थेट न्हावा-शेव्याला बसला. तिथल्या जेएनपीटी बंदरातलं या समूहाकडे असलेलं टर्मिनल ठप्प झालं, कंटेनर अडकले. एकदा आत शिरल्यावर नॉटपेट्या ज्या वाटांनी पसरलं, त्यांतली एक वाट म्हणजे मार्चमध्ये बुजवलेलं तेच भोक. ज्या मशीनमध्ये तो पॅच नव्हता, त्यांच्यावर झेप घेणं त्याला सोपं गेलं. ते पासवर्डही चोरत असल्यामुळे पॅच घेतलेली मशीनही वाचली नाहीत.

तिसरी तारीख बहुतेकांना आठवत असेल: १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभर सुटली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली गेली. तेवढ्या सव्वा तासात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकून बंद पडली. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले जात होते. त्या सव्वा तासात जी मशीन बंद होती, त्यांना काहीच झालं नाही. ही फाइल पहिल्यांदा थोड्याच मशीनवर पाठवली असती, तर जगाला कळलंही नसतं. त्यानंतर कंपनीने ग्राहकांना अशा फाइल्स टप्प्याटप्प्याने घेण्याची मुभा दिली.

घरच्या वापरातलं उदाहरण म्हणजे २ ऑक्टोबर २०१८ ला आलेलं विंडोज १० चं मोठं अपडेट. काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइल्स त्याने पुसल्या. मायक्रोसॉफ्टला ते काही दिवसांतच थांबवावं लागलं आणि १३ नोव्हेंबरला दुरुस्त करून पुन्हा सोडावं लागलं. फटका कुणाला बसला? ज्यांनी डॉक्युमेंट्सचं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलं होतं, पण जुन्या जागी काही फाइल्स तशाच ठेवल्या होत्या त्यांना. सी ड्राइव्ह भरला की "डी"वर सगळं हलवायची सवय आपल्याकडे किती आहे ते सांगायला नको. पहिल्या आठवड्यात ते अपडेट न घेतलेले सगळे वाचले.

या चार घटना शेजारी ठेवल्या की दिसतं ते असं: महिनोन्महिने न घेतलेलं सुरक्षेचं अपडेट मारतं, आणि पहिल्याच दिवशी घेतलेलं मोठं अपडेट मारतं. थांबायला जागा आहे ती या दोहोंच्या मधे.

अपडेट म्हटलं की नेमकं कुठलं?

सुरक्षेचे मासिक पॅच, अँटिव्हायरसची रोजची यादी आणि ब्राउझर ही एक जात. यांना अडवायचं नाही. पॅचला फार तर चार-पाच दिवसांची सवड द्यायची.

नवी आवृत्ती ही दुसरी जात. विंडोज ११ ची वर्षातून एकदा येणारी नवी आवृत्ती, अँड्रॉइडचा नवा आकडा, हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरची नवी रिलीज. इथे घाई नको. विंडोज ११ च्या होम आणि प्रो वापरणाऱ्यांना प्रत्येक आवृत्तीवर २४ महिने सुरक्षेचे पॅच मिळत राहतात, त्यामुळे दोन-तीन महिने थांबल्याने काही बिघडत नाही.

तिसरी जात ड्रायव्हर (जोडलेली वस्तू चालवणारं सॉफ्टवेअर) आणि फर्मवेअर (यंत्राच्या आतच बसवलेलं सॉफ्टवेअर) यांची: प्रिंटर, ग्राफिक्स, बायोस (मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर), राउटर. यांतलं जे नीट चालतंय त्याला कारणाशिवाय हात लावायचा नाही. राउटर मात्र अपवाद आहे, त्याचं पुढे सांगतो.

फोनमधल्या ॲप्सचं वेगळंच गणित असतं. तेही पुढे येईल.

सेटिंगला हात लावण्याआधी दोन कामं

पहिलं बॅकअप. बॅकअप घेतो असं सगळेच म्हणतात, म्हणून नीट सांगतो. टॅलीचा डेटा फोल्डर, डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप (अर्ध्या ऑफिसांचं सगळं काम डेस्कटॉपवरच पडलेलं असतं) आणि मेल ऑफलाइन साठवत असाल तर आउटलुकची फाइल, हे सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि डिस्क मशीनपासून काढून ठेवा. ती लावलेलीच राहिली तर वॉनाक्रायसारखं काही आलं की तीही जाते. मग दुसऱ्या मशीनवर ती डिस्क लावून एखादी कंपनी टॅलीत प्रत्यक्ष उघडून पाहा. कॉपी झाली आणि उघडली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टॅलीच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. नव्या रिलीजमध्ये डेटा मायग्रेट झाला, म्हणजे नव्या रूपात बदलला, की तो जुन्या रिलीजमध्ये परत उघडत नाही. जुना बॅकअप नसेल तर परतीचा रस्ताच नाही.

दुसरं काम बहुतेकांना माहीतच नसतं. विंडोज ११ ची नवी मशीन बऱ्याचदा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करून ठेवतात, म्हणजे किल्लीशिवाय ती वाचता येत नाही. जुलै २०२४ च्या मासिक पॅचनंतर काही मशीन सुरू होताना निळा पडदा दाखवून ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसली. किल्ली नाही तर डेटा नाही, कितीही मोठा इंजिनिअर आणा. म्हणून आजच सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी उघडून डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने मशीन सुरू केलं, त्या खात्यात ब्राउझरमधून शिरून रिकव्हरी की शोधा आणि कागदावर उतरवून घ्या. अनेक दुकानांत हे खातं मशीन विकणाऱ्याने स्वतःच्या किंवा कुठल्या तरी बनवलेल्या ईमेलवर उघडलेलं असतं. तसं असेल तर सगळी कामं बाजूला ठेवून आधी ते निस्तरा.

विंडोज: नेमकं काय करायचं

मायक्रोसॉफ्टचे मासिक पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. अमेरिकेतल्या सकाळी, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा किंवा साडेअकराला. आपल्या मशीनवर ते बुधवारी उगवतात. आता हे आपल्या कॅलेंडरशी जुळवून बघा. दुसरा मंगळवार कायम ८ ते १४ तारखेत पडतो. दरमहा जीएसटी भरणाऱ्यांचा जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) असतो ११ तारखेला आणि ३बी (कर भरण्याचं विवरणपत्र) असतो २० ला. म्हणजे अनेक महिन्यांत पॅच नेमका ११ च्या धावपळीत येऊन टपकतो. पण दुसऱ्या मंगळवारनंतरचा शनिवार बघा: तो कायम १२ ते १८ मध्येच पडतो. जीएसटीआर-१ गेलेला असतो, ३बी यायचा असतो, आणि पॅचमध्ये काही घोळ असेल तर चार दिवसांत त्याचा बोभाटा झालेला असतो. अकाउंटच्या ऑफिसांसाठी अपडेटचा वार म्हणून मी हा शनिवार ठरवून देतो, आणि यापेक्षा चांगला मुहूर्त मला तरी सापडलेला नाही.

हे मशीनवर असं बसवा:

१. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, ॲक्टिव्ह अवर्स. इथे ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल करा आणि तुमच्या कामाची वेळ टाका. दुकानाला सकाळी ९ ते रात्री १० ठीक. जास्तीत जास्त १८ तास टाकता येतात. या वेळेत विंडोज स्वतःहून रीस्टार्ट करत नाही. भर दुपारी मशीन बंद पडण्याची तक्रार बहुतेक इथेच संपते.

२. त्याच पानावर रीस्टार्टची सूचना देणारं बटण असतं, ते चालू करा.

३. विंडोज अपडेटच्या मुख्य पानावर "लेटेस्ट अपडेट्स लगेच मिळवा" अशा अर्थाचं एक बटण आहे. ते बंद ठेवा. ते चालू असलं की महिन्याच्या शेवटी निघणारी प्रिव्ह्यू अपडेट्सही तुमच्या गळ्यात पडतात, आणि ती सुरक्षेसाठी नसतातच.

४. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात "पॉज अपडेट्स"मधून तीन आठवडे निवडा. ठरलेल्या शनिवारी संध्याकाळी काम आटोपलं की बॅकअप घ्या, "रिझ्यूम" दाबा, अपडेट होऊ द्या, रीस्टार्ट करा आणि मग घरी जा. पॉज जास्तीत जास्त पाच आठवड्यांचा मिळतो आणि तो संपला की आधी अपडेट घ्यावंच लागतं. ही मर्यादा योग्य आहे असं माझं ठाम मत आहे.

५. ऑप्शनल अपडेट्समध्ये ड्रायव्हरची यादी दिसते. ज्या वस्तूची तक्रार नाही तिच्यासमोर टिक करू नका.

६. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मशीन चालवत असाल तर त्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये "मीटर्ड कनेक्शन" चालू करा. मासिक पॅच काहीशे एमबीपासून काही जीबीपर्यंत जाऊ शकतो, दिवसाचा डेटा एका झटक्यात संपतो. पण मग महिन्यातून एकदा मशीन खऱ्या वाय-फायला जोडायची आठवण तुम्हालाच ठेवावी लागेल.

घरचं मशीन असेल आणि रिटर्नचा काही संबंध नसेल तर चौथी पायरी सोडून द्या. ॲक्टिव्ह अवर्स लावा आणि बाकी विंडोजवर सोपवा.

सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज अपडेट डिसेबल करणं, किंवा नेटवरून "अपडेट ब्लॉकर" उतरवणं, हे दोन्ही टाळा. पहिल्याने पॅच कायमचे थांबतात आणि सहा महिन्यांनी कुणाला आठवतही नाही की ते थांबवले होते. दुसऱ्यात तर अनोळखी माणसाच्या प्रोग्रामला मशीनचे सगळे अधिकार दिले जातात.

शनिवारच्या रीस्टार्टबद्दल थोडं. जुन्या, एसएसडी नसलेल्या मशीनवर आकडा ३० टक्क्यांवर किंवा ९० च्या पुढे कितीतरी वेळ हलत नाही. लोक घाबरून पॉवरचं बटण दाबून धरतात. तसं करू नका. कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा छोटा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे, तासभरही लागू शकतो. यूपीएसची बॅटरी किती मिनिटं टिकते ते आधी तपासा. अपडेटच्या मध्येच लाइट गेली तर विंडोज बहुतेक वेळा स्वतःच मागे फिरतं, पण बायोसचं अपडेट अर्धवट राहिलं तर मदरबोर्ड सुरूच होत नाही. म्हणून बायोसचं अपडेट लॅपटॉप चार्जरला लावून, बॅटरी भरलेली असताना, आणि तेही गरज असेल तरच.

ब्राउझरचं तर अगदी सोपं आहे. क्रोम, एज आणि फायरफॉक्स स्वतःच अपडेट उतरवतात, पण ते लागू होतं ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्यावर. पन्नास टॅब उघडे ठेवून मशीन फक्त स्लीपला टाकणाऱ्यांचा ब्राउझर आठवडेच्या आठवडे जुनाच चालत असतो. दोन दिवसांतून एकदा पूर्ण बंद करा.

अपडेटने काही मोडलं तर

सगळं चालू आहे, पण एकच वस्तू बिघडली, असं झालं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या वस्तूच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ड्रायव्हरच्या टॅबवर "रोल बॅक" दिसतो का पाहा. तो नसेल तर विंडोज अपडेटच्या अपडेट हिस्टरीत खाली "अनइन्स्टॉल अपडेट्स" आहे, तिथून शेवटचा पॅच काढता येतो. नवी आवृत्ती घेतल्यावर बिघाड झाला असेल तर रिकव्हरीमध्ये "गो बॅक" मिळतं, पण फक्त १० दिवस. म्हणून नव्या आवृत्तीनंतरच्या पहिल्या आठवड्यातच प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचं टोकन आणि मराठी टायपिंगचं पॅकेज, सगळं चालवून बघा. महिन्याने लक्षात आलं तर उशीर झालेला असतो.

मशीन चालूच होत नसेल तर सुरू होताना पॉवर बटण दाबून धरून लागोपाठ दोन-तीनदा बंद करा. रिकव्हरीचा पडदा येतो. त्यात ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स. इथेच ती ४८ आकडी किल्ली मागितली जाऊ शकते.

पण पॅच काढून टाकला म्हणजे काम झालं, असं नव्हे. सप्टेंबर २०२१ मध्ये काय झालं पाहा. छोट्या ऑफिसांत एकाच मशीनला यूएसबी प्रिंटर लावून तो बाकीच्यांना शेअर केलेला असतो. त्या महिन्याच्या पॅचनंतर अनेक ठिकाणी शेअर केलेला प्रिंटर जोडला जाईना, ज्याच्या आकड्याच्या टोकाला ११बी असतं असा एरर येऊ लागला. तो पॅच काढला की प्रिंटर चालू, त्यामुळे सगळीकडे तोच उपाय फिरला. पण छपाईच्या यंत्रणेतली गंभीर भोकं बुजवणारा पॅचही तोच होता. तो काढून पुढचे महिने तसेच राहिलेल्या मशीनचे दरवाजे उघडे राहिले. खरा उपाय होता सगळ्या मशीनवर तोच पॅच घेणं आणि प्रिंटर नव्याने जोडणं, किंवा प्रिंटरला केबलने थेट राउटरवर लावून शेअरिंगची भानगडच मिटवणं. म्हणून पॅच काढलात तर कागदावर तारीख लिहून मॉनिटरला चिकटवा, आणि पुढचा मासिक पॅच नक्की घ्या. मासिक पॅचमध्ये मागचं सगळं असतं, आणि मागच्या चुकांची दुरुस्तीही बहुधा त्यातच येते.

ज्या मशीनला अपडेट द्यायचंच नाही

अशी मशीन असतात आणि ती असण्यात काही चूक नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं मशीन, वर्कशॉपमधल्या सीएनसीला (कॉम्प्युटरच्या हुकुमावर धातू कापणाऱ्या यंत्राला) जोडलेला कॉम्प्युटर, प्रेसमधलं जुनं डीटीपीचं मशीन. शेवटच्या मशीनवर विंडोज ७, जुनं पेजमेकर आणि डोंगलवर, म्हणजे मशीनला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर, चालणारं मराठी फाँटचं पॅकेज असतं. वीस-पंचवीस वर्षांची पानं, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, सगळं त्याच फाँटमध्ये साठवलेलं. नव्या विंडोजवर त्या डोंगलचा ड्रायव्हर बसत नाही आणि ऑपरेटरचा हात त्याच कीबोर्डवर बसलेला आहे. त्याला "नवीन घ्या" म्हणून सांगणं हा सल्ला नव्हे.

विंडोज ७ चे सुरक्षेचे पॅच १४ जानेवारी २०२० ला थांबले. म्हणून अशा मशीनचं इंटरनेट काढून घ्या. लॅनची केबल उपसून ठेवा, वाय-फायचा डोंगल काढा. पुस्तकाची फाइल पाठवायची तर पेन ड्राइव्हवर घ्या, शेजारच्या अद्ययावत मशीनवर तपासा आणि तिथून मेल करा. थोडा वेळ जातो, पण डेटा राहतो. शिवाय त्या मशीनच्या हार्ड डिस्कची आख्खी प्रत, ज्याला इमेज म्हणतात, ती एकदा काढून घ्या. जुनी डिस्क एक दिवस जाणारच आहे, तेव्हा डोंगल असूनही पॅकेज पुन्हा बसवायला सीडी मिळणार नाही.

प्रिंटरचं वेगळं दुखणं आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही इंकजेट प्रिंटरनी दुसऱ्या कंपन्यांची शाईची कार्ट्रिज नाकारायला सुरुवात केली, कारण फर्मवेअरच्या अपडेटमध्येच ती तरतूद घातलेली होती. ओरड झाल्यावर कंपनीने माफी मागून ती तरतूद काढणारं फर्मवेअर दिलं. हे सुरक्षेच्या नावाखाली केलेलं होतं, आणि अशा प्रकारांमुळेच लोकांचा अपडेटवरचा विश्वास उडतो. बाहेरची शाई वापरत असाल तर प्रिंटरच्या मेनूमध्ये फर्मवेअरचं ऑटो-अपडेट बंद ठेवा.

राउटरचं मात्र उलट. तो थेट इंटरनेटच्या तोंडावर बसलेला असतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. केबलवाल्याने दिलेलं यंत्र बहुधा तोच दुरून अपडेट करतो. स्वतः विकत घेतलेला राउटर असेल तर त्याच्या ॲपमध्ये किंवा ॲडमिन पानावर ऑटो-अपडेट असेल तर पहाटेची वेळ टाकून चालू करा, नसेल तर तीन महिन्यांतून एकदा स्वतः तपासा. कंपनीने त्या मॉडेलला फर्मवेअर देणं थांबवलं असेल तर राउटर बदला.

फोन

फोनवर माझा सल्ला सरळ आहे: ॲप्सचं ऑटो-अपडेट चालू, फक्त वाय-फायवर. प्ले स्टोअरमध्ये वर कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर दाबा, सेटिंग्ज, नेटवर्क प्रेफरन्सेस, ऑटो-अपडेट ॲप्स, आणि "ओव्हर वाय-फाय ओन्ली". एखादं ॲप नव्या रूपात नको असेल तर त्या ॲपच्या पानावर तीन टिंबांमध्ये फक्त त्याचं ऑटो-अपडेट बंद करता येतं. बँक, यूपीआय आणि व्हॉट्सॲपसाठी हे कधीही करू नका. मे २०१९ मध्ये व्हॉट्सॲपमधलं एक भोक उघडकीला आलं. फक्त व्हॉट्सॲप कॉल यायचा, उचलायचीही गरज नव्हती, आणि फोनमध्ये हेरगिरीचं सॉफ्टवेअर शिरायचं. लक्ष्य केलेल्यांत भारतीयही होते. त्यावर उपाय एकच होता: व्हॉट्सॲप अपडेट करणं.

फोनच्या सिस्टिमचं अपडेट दोन प्रकारचं येतं. नुसतं सिक्युरिटी पॅच असेल तर आठवडाभरात घ्या. अँड्रॉइडचा आकडा बदलत असेल तर दोन-तीन आठवडे थांबा, कारण फोनवर मागे फिरणं जवळपास अशक्य असतं. आयफोनमध्ये तर ॲपल जुन्या आवृत्तीला परवानगी देणंच काही दिवसांत थांबवतं. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट, ऑटोमॅटिक अपडेट्स. तिथे, किंवा नव्या आवृत्तीत सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये, सुरक्षेच्या तातडीच्या अपडेट्सचं बटण वेगळं असतं. ते चालू ठेवा, मोठ्या आवृत्तीचं हवं तर हाताने घ्या.

"अपडेटने फोन हळू होतो" ही लोकांची शंका निराधार नाही. ॲपलने २०१७ च्या सुरुवातीला दिलेल्या आयओएस अपडेटमध्ये बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग कमी करणारी व्यवस्था होती. वापरणाऱ्यांना ते सांगितलं नव्हतं. कंपनीने ते डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं आणि फ्रान्सने त्याबद्दल २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला. म्हणून चार-पाच वर्षांच्या फोनवर नव्या आवृत्तीची हाव धरू नका, पण सिक्युरिटी पॅच येत असतील तोवर घेत राहा. सेटिंग्जमधल्या अबाउट फोनमध्ये अँड्रॉइड व्हर्जनवर दाबलं की शेवटच्या सिक्युरिटी पॅचची तारीख दिसते. ती वर्षाहून जुनी असेल आणि कंपनीकडून आता काही येतच नसेल, तर त्या फोनवरून बँकेचे व्यवहार बंद करा. गाणी ऐकायला तो फोन चांगला आहे.

विंडोज १० वर असाल तर

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ऑटो-अपडेट चालू असलं तरी नोंदणीशिवाय नवे पॅच येणार नाहीत, आणि मशीन मात्र पूर्वीसारखंच चालत राहतं, त्यामुळे कुणाला पत्ताच लागत नाही. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे पॅच देणारी जादा मुदत ठेवली आहे. विंडोज अपडेटच्या पानावर त्यासाठी नोंदणीचा पर्याय दिसतो. त्या पर्यायाशी मायक्रोसॉफ्ट खातं जोडावं लागतं. ही मुदत म्हणजे मशीन बदलायला किंवा लिनक्स बसवायला मिळालेला वेळ आहे. नंतर ते मशीन वर सांगितलेल्या प्रेसच्या मशीनसारखं, इंटरनेटपासून दूर ठेवण्याच्या यादीत टाका.

खोटी अपडेट्स

खरं अपडेट कधीही लिंक म्हणून येत नाही. ब्राउझरमध्ये पान उघडताना "तुमचं क्रोम जुनं झालंय, इथे दाबा" असं आलं तर टॅब बंद करा. व्हॉट्सॲपवर आरटीओ चलान, बँकेचं केवायसी किंवा सरकारी योजनेच्या नावाने एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवणारी फाइल, आली, तर ती उघडू नका. कुणी पाठवली ते बघत बसू नका, ओळखीच्या नंबरवरूनही ती येते, कारण पाठवणाऱ्याचाही फोन आधीच ठगांच्या ताब्यात गेलेला असतो. घरातल्या आई-वडिलांच्या फोनमध्ये अँड्रॉइडच्या "इन्स्टॉल अननोन ॲप्स" या यादीत जाऊन व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल मॅनेजर यांची परवानगी बंद करून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि एखादी फाइल दाबली गेलीच, तर फोन लगेच एरोप्लेन मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे गेल्यानंतरचे पहिले काही तास महत्त्वाचे असतात, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी ती अडवता येण्याची शक्यता तेवढ्या वेळातच जास्त असते.